कुंपणापलीकडचा विमानतळ

(विमानतळालगतच्या गावांतील नागरिकांच्या सभेत आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला व्यासपीठावर पाहिले की सभेला काही ठराविक शब्दांची अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा मी आजवर फारशी चुकविलेली नाही. आज मात्र मी आपणांपुढे घोषणा घेऊन आलेलो नाही. मी आणला आहे एक नकाशा, जमिनीचा एक उतारा आणि थोडेसे अंकगणित. विषय आहे विमानतळाभोवतालच्या जमिनीचा. ती जमीन कोणाची, तिच्यावर काय बांधावे, किती उंच बांधावे, आणि हे ठरविताना जमिनीच्या धन्याला कोणी विचारावयाचे की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

गेल्या पावसाळ्यात एक वयस्क शेतकरी गृहस्थ आमच्या कचेरीत आले. मुलाचे लग्न ठरले होते आणि घरावर दोन मजले चढवावयाचे होते. हाती परवानगीचा कागद होता. पण तो ज्या भाषेत लिहिलेला होता ती त्यांस वाचता येत नव्हती. त्यातला आकडा तेवढा त्यांनी वाचला होता. ते म्हणाले, "संपादकसाहेब, सरकारने मला ७८४ मीटर उंच बांधावयास परवानगी दिली आहे. एवढा मनोरा मी कशाला बांधू? काही चूक तर झाली नाही ना?"

चूक झालेली नव्हती. विमानतळाच्या परवानगीतली उंची जमिनीपासून मोजीत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. आपला सांबऱ्याचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर उंचीवर आहे. या गृहस्थांची जमीन किंचित चढावर, ७७२ मीटरवर होती. ७८४ मधून ७७२ वजा केले की उरतात अवघे बारा मीटर. त्या बारा मीटरांतच तळमजला, वरचे दोन मजले, जिन्याची खोली, पाण्याची टाकी आणि दूरदर्शनची काठीसुद्धा बसवावयाची! पायाचे काम सुरू करण्यापूर्वी हे कळले म्हणून बरे झाले. टाकी चढविल्यावर कळले असते तर लग्नघरात नोटीस येऊन पडली असती. त्या दिवशी मला उमगले, की ज्या नियमांखाली आपण राहतो त्यांचे साधे गणितही आपल्यापर्यंत कोणी पोचविलेले नाही, आणि आपणही ते मागावयास गेलेलो नाही.

आकाशातील अदृश्य छप्पर

आपली समजूत अशी असते, की विमानतळ म्हणजे तारेच्या कुंपणाच्या आतील जागा. वस्तुस्थिती निराळी आहे. कुंपणाच्या आत धावपट्टी असते, परंतु विमानतळाची सत्ता कुंपणाबाहेर कित्येक कोस चालते. इमारतींच्या उंचीवर निर्बंध घालणारे केंद्र सरकारचे नियम २०१५ साली निघाले. त्यांचा अंमल विमानतळाभोवती वीस किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळापर्यंत पोचतो. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अमलात आला, तरी हे सूत्र कायम आहे.

या वर्तुळावर एक अदृश्य छप्पर पसरलेले आहे अशी कल्पना करा. मोठ्या धावपट्टीच्या भोवती सुमारे चार किलोमीटरपर्यंत ते विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर सपाट असते. परंतु धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या सरळ रेषेत, जेथून विमान उतरते, तेथे ते खाली झुकते आणि टोकाजवळ जवळजवळ जमिनीला टेकते. तेथून पुढे दर पन्नास मीटर अंतराला ते एक मीटर वर चढते. म्हणजे टोकापासून पाचशे मीटरांवर ते अवघे नऊ-दहा मीटर उंच असते. तेथे चिंचेचे जुने झाडही त्याला छेदून जाईल. एक किलोमीटरवर ते एकोणीस-वीस मीटर असते, म्हणजे फार तर पाच-सहा मजले. धावपट्टीच्या रेषेतला शेतकरी आणि बाजूचा शेतकरी एकाच अंतरावर राहत असले तरी दोघांचा हक्क सारखा नसतो, त्याचे कारण हे छप्पर होय.

हे सारे सामान्य माणसाला कळावे म्हणून विमानतळ प्राधिकरण रंगीत विभागांचा एक नकाशा तयार करीत असते. कोणत्या रंगाच्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्था स्वतःच परवानगी देऊ शकते आणि कोठून पुढे प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो, हे त्या नकाशात दाखविलेले असते. असा नकाशा आपल्या गावाच्या चावडीवर लागलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी हात वर करावा. (सभेत शांतता.) ठीक आहे. पुढे जाऊ.

निर्बंध केवळ उंचीचे नाहीत. विमानाच्या यंत्रात पक्षी शिरला तर काय अनर्थ होतो हे आपण जाणता. म्हणून विमानतळाच्या मध्यबिंदूपासून दहा किलोमीटरांच्या आत उघड्यावर केरकचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास, सोलण्यास १९३७ च्या विमान नियमांनी बंदी केली. यात मांसमच्छीच्या दुकानांतली घाणही आली. आवाजाचेही तसेच. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक विमाने ये-जा करणाऱ्या विमानतळांच्या परिसरात दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, तर लहान विमानतळांच्या परिसरात ६५ आणि ६०, अशी मर्यादा केंद्राने २०१८ साली घातली. सांगावयाचे तात्पर्य एवढेच, की विमान उतरते ते केवळ धावपट्टीवर उतरत नाही. शेजारच्या गावांच्या घरांवर, झाडांवर, कचऱ्यावर आणि झोपेवरही उतरते.

एलिझाबेथ ते अहमदाबाद

हा शेजारधर्माचा प्रश्न जगात नवा नाही. अमेरिकेत नेवार्क विमानतळाच्या शेजारी एलिझाबेथ नावाचे नगर आहे. १६ डिसेंबर १९५१ ते ११ फेब्रुवारी १९५२ या दोन महिन्यांहूनही थोड्या काळात त्या एका नगरात तीन विमाने कोसळली आणि शंभरावर माणसे प्राणास मुकली. त्यांत आपापल्या घरी बसलेले नागरिकही होते. दुसरे विमान मुलींच्या एका शाळेजवळ पडले. लोक इतके खवळले, की विमानतळ काही महिने बंद ठेवावा लागला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जनरल डूलिटल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्या आयोगाच्या अहवालाचे नावच मोठे बोलके होते : विमानतळ आणि त्याचे शेजारी. धावपट्टीच्या टोकापुढे अर्धा मैल जागा पूर्ण मोकळी ठेवावी आणि त्यापुढे निदान दोन मैलांच्या पंख्याच्या आकाराच्या पट्ट्यात जमिनीचा वापर कायद्याने ठरवावा, अशी शिफारस आयोगाने १९५२ साली केली. घरे उठून गेल्यावर नव्हे, घरे होण्यापूर्वी!

आता आपल्या देशाकडे या. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. ते पडले धावपट्टीच्या टोकापासून दोन किलोमीटरांच्याही आत, वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर. वेळ दुपारच्या जेवणाची होती. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ मिळून २६० जीव गेले. त्या इमारतीमुळे विमान पडले असे कोणीही म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. परंतु जे एकोणीस जण विमानात बसलेही नव्हते, त्यांच्या मृत्यूने एक गोष्ट उघडी पाडली. आपल्या नियमांचा सारा भर उंचीवर आहे. उंचीचा नियम विमानाला घरापासून वाचवितो. घरातल्या माणसाला विमानापासून वाचविण्याचा विचार त्यात नाही. धावपट्टीच्या रेषेत चार मजल्यांचे गोदाम आणि चार मजल्यांचे वसतिगृह यांत उंचीच्या दृष्टीने काहीच फरक नाही. आई-बापांच्या दृष्टीने मात्र आभाळाएवढा फरक आहे.

इंग्लंडने हा फरक ओळखला. तेथे धावपट्टीच्या टोकांपुढे सार्वजनिक सुरक्षेचे त्रिकोणी पट्टे आखलेले आहेत. त्या जागी राहणाऱ्याला विमान पडून मृत्यू येण्याचा संभव वर्षाला लाखात एक असेल, तर तेथे नवे घर सहसा होऊ द्यावयाचे नाही; दहा हजारांत एक असेल, तर असलेली वस्तीही हलवावयाची, असा हिशेब तेथे मांडला गेला. हा हिशेब उंचीचा नाही, माणसांचा आहे.

आणि नियम असूनही तो वेळेवर पाळला नाही तर काय होते, हे मुंबईने दाखविले. मुंबईच्या विमानतळाभोवती मर्यादेपलीकडे उंच गेलेल्या ४८ इमारती २०१० च्या पाहणीत आढळल्या. त्यांचे जादा मजले उतरविण्याचा आदेश उच्च न्यायालयाला जिल्हाधिकाऱ्यांस द्यावा लागला तो २०२२ साली! मधल्या बारा वर्षांत त्या मजल्यांवर संसार थाटले गेले, मुले जन्मली, कर्जाचे हप्ते फेडले गेले. ज्याने बांधले तो पैसे घेऊन मोकळा झाला. ज्याने विकत घेतले तो न्यायालयाच्या दारी उभा राहिला. बंधूंनो, बेकायदा मजल्याचे खरे भाडे नेहमी गरीब आणि मध्यमवर्गीय माणूसच भरतो.

निर्बंध हवा, पण फुकट नको

येथे कोणी विचारील, "संपादक, तुम्ही सरकारची वकिली करू लागलात काय?" नाही. नाण्याची दुसरी बाजू मी तितक्याच मोकळेपणाने मांडणार आहे.

शेतकऱ्याची जमीन त्याच्याच नावावर ठेवावयाची, सारा त्याच्याकडूनच घ्यावयाचा, आणि तिच्यावर घर बांधण्याचा हक्क मात्र कागदाच्या एका फटकाऱ्याने काढून घ्यावयाचा, याला न्याय म्हणत नाहीत. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कोंबड्या पाळणाऱ्या एका साध्या शेतकऱ्याचा दावा आला. लष्करी विमाने त्याच्या छपरावरून इतक्या खालून जात, की घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत आणि घरच्यांना झोप येत नसे. न्यायालयाने निर्णय दिला, की जमिनीला चिकटलेले आकाश अशा रीतीने वापरणे म्हणजे त्याच्या मालमत्तेचा काही भाग घेणेच होय, आणि जे घेतले त्याची भरपाई दिली पाहिजे. आपल्या १९३४ च्या कायद्यातही अशा निर्बंधाने होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईची तरतूद होती. परंतु जो हक्क ठाऊक नाही, तो मागणार कोण?

दुसरा धोका अतिरेकाचा. कॅनडाने माँट्रियलजवळ मिराबेल येथे १९६९ साली विमानतळासाठी सुमारे ९७,००० एकर जमीन ताब्यात घेतली. भोवती वस्तीच नको, म्हणजे तंटाच नको, असा तो विचार होता. पिढ्यान् पिढ्यांचे शेतकरी घरांतून उठले. विमानतळ १९७५ मध्ये सुरू झाला, पण प्रवाशांनी त्याच्याकडे पाठ फिरविली आणि २००४ मध्ये प्रवासी विमाने तेथून बंदच झाली. तत्पूर्वीच बहुतेक जमीन शेतकऱ्यांना परत द्यावी लागली होती. परत मिळालेल्या जमिनीबरोबर मोडलेले गाव काही परत मिळत नाही.

आणि आपल्या नवी मुंबईचा अनुभव घ्या. विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची योजना २०१३ साली जाहीर झाली. विमान येण्यापूर्वी नियोजन झाले, ही गोष्ट निर्विवाद चांगली होती. विमानतळाचे उद्घाटन झाले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधली बारा वर्षे तेथील कित्येक जमीनधारकांनी आपल्या जमिनीचे पुढे काय होणार या विवंचनेत काढली. त्यांच्या सभा झाल्या, मोर्चे निघाले. यातून शिकावयाचे ते हे, की आधी ठरविणे आवश्यक आहे. पण ठरवून लोकांना वर्षानुवर्षे टांगणीला ठेवणे हाही एक अन्यायच आहे.

आपले गाव, आपला नकाशा

आता आपल्या दाराशी येऊ. सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिशांनी १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बांधली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या लढ्यात भारतीय विमाने याच धावपट्टीवरून उडाली, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १४ सप्टेंबर २०१७ रोजी येथील नव्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि वाढविलेल्या धावपट्टीवर मोठी विमाने उतरू लागली. या विमानतळाचा आपणांस अभिमान आहे. परंतु धावपट्टी लांबली की तिच्या टोकापासून मोजावयाचे ते अदृश्य छप्परही पुढे सरकते, हे लक्षात घेतले पाहिजे. सांबरा, मुतगे, निलजी, बाळेकुंद्री, मोदगे ही सारी गावे त्या छपराखाली आहेत. काल ज्या शेतात बंधन नव्हते, तेथे आज ते असू शकते.

याच वेळी रस्त्याच्या दुतर्फा प्लॉट पाडण्याची चढाओढ लागते. दलाल येतो, चुन्याच्या रेघा मारतो, "विमानतळाजवळ" अशी पाटी लावतो आणि भाव दुप्पट करतो. विमानतळाजवळ असणे हाच त्या प्लॉटवरचा बोजा आहे, हे पाटीवर लिहिलेले नसते. शहरात घर न परवडणारा गिरणीतला कामगार, शाळेतला शिपाई, निवृत्त शिक्षक आपली पुंजी त्यात घालतो. आपल्यातीलच काही पुढारी या व्यवहारात भागीदार असतात, हेही मी येथे स्पष्ट बोलतो. व्यासपीठावर भूमीच्या नावाने कंठशोष करावयाचा आणि खाली उतरून तीच भूमी गुंठ्यागुंठ्याने, कागदपत्रांवाचून विकावयाची, हे ढोंग आपण सहन करता कामा नये.

भाषेचा प्रश्न येथे मी मुद्दाम ओढून आणीत नाही. तो आपणहून येऊन उभा राहतो. नगररचनेचा आराखडा जाहीर होतो, हरकतींसाठी मुदत दिली जाते आणि मुदत संपली की आराखडा पक्का होतो. ती नोटीस ज्याला वाचता आली नाही, त्याची हरकत जन्मण्यापूर्वीच मेली. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्के वा अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे केंद्र सरकारने १९५६ च्या निवेदनात मान्य केलेले आहे. कन्नड भाषिक शेजाऱ्याला ती कन्नडमध्ये मिळावी, आम्हांला मराठीत मिळावी. विमान कोसळले तर ते कोणाची मातृभाषा विचारणार नाही. तसेच त्या वीस किलोमीटरांच्या वर्तुळाला राज्याची सीमाही ठाऊक नसते. गोव्यात पेडणे तालुक्यात मोप्याचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये झाला. त्याचे वर्तुळ सीमा ओलांडून सिंधुदुर्गातील बांद्याकडील गावांवर येऊन टेकते. दोन राज्यांतील अधिकाऱ्यांना एका वर्तुळासाठी एकत्र बसावे लागते, तर एका तालुक्यात दोन भाषांत एक नोटीस का निघू नये?

आपले मागणे

म्हणून या सभेने चार गोष्टी मागाव्यात अशी माझी सूचना आहे. पहिली, उंचीच्या विभागांचा रंगीत नकाशा सर्व्हे नंबरांसह प्रत्येक गावात, आपल्या भाषेत, कायमचा लावावा. आणि त्यावर समुद्रसपाटीच्या आकड्याशेजारी जमिनीपासूनची उंचीही लिहावी. दुसरी, धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या रेषेत नवी शाळा, वसतिगृह, इस्पितळ वा मंगल कार्यालय होऊ देऊ नये. तेथे शेती राहावी, रोपवाटिका व्हाव्यात, फार तर ठेंगणी गोदामे व्हावीत. तिसरी, ज्याचा बांधण्याचा हक्क अशा रीतीने जाईल, त्याला रोख भरपाई तरी मिळावी किंवा वर्तुळाच्या सुरक्षित भागात बदली विकसित जागा तरी मिळावी, आणि तीही मुदतीत. चौथी, कचरा टाकण्याची जागा ठरविताना पक्ष्यांचा आणि शेजारच्या गावाचा, दोघांचाही विचार व्हावा.

हे झाले सरकारकडे मागावयाचे. आपल्याकडून द्यावयाचेही काही आहे. परवानगीवाचून मजला चढवू नका. कागद पाहिल्यावाचून प्लॉट घेऊ नका. शेजाऱ्याने मर्यादा ओलांडली तर गप्प राहू नका, मग तो आपल्या पक्षाचा असो की आपल्या नात्याचा. नियम मोडणाऱ्याच्या तोंडी न्यायाची मागणी शोभत नाही.

मी आयुष्याची वीस वर्षे सभांत आणि मोर्चांत काढली. अनेकदा वाटते, आपण मोठ्या नकाशासाठी इतके भांडलो, की गावाचा छोटा नकाशा पाहावयाचे राहूनच गेले. उद्या सकाळी प्रत्येकाने आपला उतारा बाहेर काढावा. येत्या रविवारी, सकाळी दहाला, याच देवळाच्या ओवरीत आम्ही नकाशा मांडून बसणार आहोत. आमच्या कचेरीतील दोन तरुण सोबत असतील. त्यांपैकी एकाने स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेतले आहे. आपला सर्व्हे नंबर सांगा. तुमच्या जमिनीची उंची आणि तुमच्या डोक्यावरचे छप्पर यांतील अंतर तो मोजून देईल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या हरकती आम्ही लिहून देऊ, आणि त्या दाखल झाल्याची पोच हाती आल्यावाचून कचेरीतून हलणार नाही.

ज्या गृहस्थांची गोष्ट मी आरंभी सांगितली, ते आज समोर बसलेले आहेत. त्यांनी एकच मजला चढविला आणि टाकी जमिनीवर बांधली. लग्न यथासांग पार पडले, आणि घरावर कोणाची नोटीस नाही.